दोन्ही नावं लिहा

आई, उद्या दुपारी मी दारव्ह्याच्या रजिस्ट्री हापिसात जाऊन मामाच्या घरातला माझा अर्धा हिस्सा तुझ्या धाकट्याच्या नावे सोडून द्यायचा, असं धाकट्याने ठरवलं आहे. हक्कसोडपत्र तयार आहे. त्याने पुण्याहून मोबाइलवर पाठवलं, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलं आणि आता ते जेवणाच्या टेबलावर मिठाच्या बरणीखाली आहे, पंख्याने उडू नये म्हणून. तो आज ट्रॅव्हल्सने निघेल, सकाळी यवतमाळला उतरेल, अंघोळ-जेवण करेल आणि गाडी ठरवून मला दारव्ह्याला नेईल. मी सही करेनच असं त्याने धरून चाललं आहे, कारण आजवर आपल्या घरातल्या कोणत्या बाईने केली नाही? तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज तुलाच लिहायला बसले, कारण या प्रकरणात मेलेल्या मामापेक्षाही जास्त कोर्टात ओढलं गेलं असेल तर तुला.

मामा मागच्या पोळ्याच्या सुमारास गेला. झोपेतच गेला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार पुढची आहे. जन्मभर भूमापन खात्यात लोकांची शेतं मोजली, भावाभावांच्या भांडणात साखळी धरून बांधावर उभा राहिला, ‘जिवंत आहा तोवर लिहून ठेवा रे बाप्पा’ असं अख्ख्या तालुक्याला सांगत फिरला, आणि स्वतः मृत्युपत्राची एक ओळ लिहून ठेवली नाही. बँकेत वारसदार म्हणून कोणाचं नाव नाही, घराच्या कागदावर तर अजून तो एकटाच. लग्न केलं नाही, त्यामुळे बायको नाही, लेकरू नाही. उरलो आम्ही दोघं, तुझी मुलं. धाकटा चौदाव्याला आला, घराभोवती एक फेरी मारली, मोबाइलवर फोटो काढले आणि म्हणाला, “ताई, तू जवळ आहेस, रिटायर्ड आहेस, कोर्टाचं तेवढं बघशील का? मला पुण्याहून दर तारखेला येणं जमणार नाही.” मी बघते म्हणाले. टेलिफोन खात्यात सगळा जन्म दुसऱ्यांचे ट्रंक कॉल जोडून देण्यात गेला, हाही एक जोडून देऊ, असं मला वाटलं.

दारव्ह्याच्या कोर्टासमोर एका रसवंतीच्या शेजारी वकिलांची टेबलं असतात. त्यातल्या एकाला मामा ओळखत होता म्हणून त्याच्याकडे गेले. मध्यमवयीन माणूस, कपाळावर चष्मा, बोलता बोलता दाताखाली सुपारी. सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मॅडम, तुमी मामाच्या कोन?”

“भाची. आत्ताच सांगितलं.”

“ते तुमी सांगितलं. कागद काय सांगते?”

मी म्हटलं, कागद कशाला, सगळ्या दारव्ह्याला माहीत आहे. तो म्हणाला, “मले पटते, मॅडम. दारव्ह्यालेबी पटते. कोर्टाले कागद पटते.” मग त्याने मला समजेल अशा भाषेत समजावलं. बिनलग्नाचा माणूस, आईबाप आधीच गेलेले, भाऊ नाही, एकच बहीण आणि तीही गेलेली. अशा माणसाचं घर बहिणीच्या लेकरांकडे जातं. त्यासाठी वारस प्रमाणपत्राचा अर्ज करायचा, पेपरात जाहीर सूचना द्यायची, तीच सूचना घराच्या दाराला आणि कोर्टाच्या फळ्याला लागते, कोणाची हरकत आली नाही तर साक्ष होते आणि कोर्ट प्रमाणपत्र देतं. एवढंच. फक्त एक गोष्ट आम्ही सिद्ध करायची, की तू मामाची बहीण होतीस.

मी हसले. मला वाटलं, सगळ्यात सोपं हेच. घरी येऊन तुझी पत्र्याची पेटी उघडली. वरती तुझा शाळा सोडल्याचा दाखला होता, दारव्ह्याच्या मुलींच्या शाळेचा, घडीवर फाटत आलेला. नगरपालिकेने दिलेला मृत्यूचा दाखला बाबांनी जपून ठेवलेलाच होता. दोन्ही घेऊन मी पुन्हा वकिलासमोर बसले. त्याने चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद एकमेकांशेजारी ठेवून पाहिले. मग म्हणाला, “मॅडम, ह्या तं दोन बाया हायत.”

दाखल्यावर तुझं माहेरचं नाव, आजोबांचं नाव, माहेरचं आडनाव. मृत्यूच्या कागदावर सासरचं नाव, बाबांचं नाव, आमचं आडनाव. तीन शब्दांमधला एकही जुळत नाही. नुसतं आडनाव बदललं असतं तरी चाललं असतं, वकील म्हणाला, पहिलं नाव सारखं असतं तर जज थोडं तरी मान हलवतात. पण तुझ्या लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं, बाबांनी अंगठीने तांदळात त्यांना आवडलेलं नाव लिहिलं, वऱ्हाडाने टाळ्या वाजवल्या आणि दारव्ह्याची ती मुलगी तिथेच संपली. तांदळाचं पुढे काय केलं असेल? शिजवून खाल्ले असतील. त्याची पावती कोण देतं? तू सांगायचीस ते मला त्या दिवशी वकिलाच्या टेबलापाशी आठवत होतं: सासरी आल्यावर स्वयंपाकघरातून आजी नव्या नावाने हाका मारत राहिली आणि तू परसात शांतपणे भांडी घासत बसलीस, कारण त्या बाईला का कोणी ओ देत नाही हे तुला कळेना. आजीने ‘बहिरी पोरगी गळ्यात मारली’ असं शेजारणीला सांगितलं. तू हे हसत सांगायचीस. मी लहान असताना मीही हसायची.

वकील म्हणाला, दोन्ही नावांनी ओळखणारा एखादा माणूस आणा, म्हातारा असला तरी चालेल, बोलता आलं पाहिजे. तेव्हा मी शोधायला निघाले. मामाच्या घरासमोर एक आजीबाई आहेत, तुझ्या बरोबरीच्या. खाटेवर बसल्या बसल्या वाती वळत होत्या. मी तुझं माहेरचं नाव घेतलं तशी त्यांच्या तोंडावर एकदम ऊन पडल्यासारखं झालं. “ते हाय का? माय वो, आमी संग सागरगोटे खेळलो. लय चिडकी होती. डाव हरली का गोटे फेकून दे.” तू चिडकी होतीस, गोटे फेकायचीस, हे मला सहासष्टाव्या वर्षी कळलं. मी विचारलं, लग्नानंतर तिचं नाव काय होतं? “लगन झालं, गेली ते. मंग तिकडं तिले काय म्हनत, आमाले काय मालूम? आमी तिले तिच्या नावानंच बोलावो.” इकडे यवतमाळात आपल्या जुन्या आळीत अजून दोन-तीन घरं तुला ओळखणारी आहेत. त्यांच्याकडे गेले. त्यांना सासरचं नाव पाठ, तुझ्या हातचं लोणचं पाठ, माहेरचं नाव विचारलं तर म्हणतात, “वहिनींना दुसरं नाव होतं होय?” एक घर लग्नाच्या अलीकडचं, एक पलीकडचं. मधल्या मांडवात हजर असलेले सगळे वर गेलेले. मामा होता तोवर होता. तो तुझ्याहून धाकटा, तरी आजोबांचं ऐकून तुला नावानेच हाक मारायचा. भाऊबीजेला तो फाटकाशी येऊन ती हाक मारायचा आणि तू हातातलं टाकून अशी वळायचीस, की मला वाटायचं आमच्या घरात लपून बसलेली कोणी दुसरीच बाई बाहेर पडते आहे.

आणखी एक दिवस त्या सुमारास सारखा डोळ्यापुढे येत होता. तू मला कॉन्व्हेंटमध्ये घालायला घेऊन गेली आहेस. आजीचा विरोध, बाबांचं धड हो नाही आणि धड नाही नाही, आणि तू पदर खोचून निघाली आहेस. पांढऱ्या झग्यातल्या मुख्य सिस्टर टेबलामागे बसल्या आहेत, केरळच्या, मराठी मोडकं. त्या अर्ज भरताहेत. “आईचे नाव?” तू विचारतेस, “कोणतं सांगू?” सिस्टर म्हणतात, “घरात बोलावते ते.” तू म्हणतेस, “घरात मला नावाने कोणी बोलवत नाही.” सिस्टर लेखणी खाली ठेवतात. मग तू, इतकी धीट कशी झालीस कोण जाणे, विचारतेस, “तुमचं लहानपणी हेच नाव होतं का?” सिस्टर म्हणतात, “नाही. मठात माझे पण ठेवले.” आणि तुम्ही दोघी हसता. मी पेटीकोट टोचतो म्हणून चुळबुळ करते आहे आणि या दोन बायका कशाला हसतात ते मला कळत नाही. शेवटी अर्जावर आईच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं हे शाळेत जाऊन मी आता पाहून आले: ‘मिसेस’ आणि पुढे बाबांचं नाव. मी तुझीच मुलगी आहे, हे सिद्ध व्हायलाही त्यात तुझं काही नाही.

मी वकिलाकडे परत गेले ती भांडायच्याच तयारीने. म्हटलं, वकीलसाहेब, तुमच्या कायद्याला बाईचं नाव बदललेलं चालतं, ती गेल्यावर तेवढं चालत नाही, हे बरं आहे. त्याने मला रस मागवला. तो माणूस भांडत नाही, हा त्याचा मोठा दोष. म्हणाला, “आजोबा वारले तवा आईनं हक्कसोड करून देल्लं असन ना?”

“कशावरून?”

“मॅडम, साऱ्या बायाच करून देतात. भावाच्या नावानं सोडतात, भाऊ लुगडं घेते, झालं. आमच्या आईनंबी केलं, माह्या बायकोनंबी केलं. त्यात असते लिहून, सोडनारी कोन, कोनाची लेक, कोनाची बायको. भेटलं तं काम झालं.”

मी रसाचा पेला तसाच खाली ठेवला. ते हक्कसोडपत्र मला शोधून आठवायची गरजच नव्हती, आई. मी तिथे होते.

मी टेलिफोन खात्यात नुकती लागले आहे. आजोबांचं वर्षश्राद्ध झालंय आणि तू मला सुटी घ्यायला लावून दारव्ह्याला आणलं आहेस, सोबत म्हणून. रजिस्ट्री हापिसाच्या आवारात कडुलिंबाखाली दस्तलेखक चटईवर बसला आहे, पुढ्यात उतरतं मेज. मामा त्याच्याशेजारी उकिडवा, हातात कापडाची पिशवी, तिच्यातून साडीच्या खोक्याचा कोपरा दिसतो आहे. दस्तलेखक मोठ्याने वाचतो: ‘राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय, भावाबहिणीच्या प्रेमापोटी.’ मी तोंड मिटून बसणारी नव्हतेच. म्हटलं, “आई, राजीखुशीने म्हणतोय तो. तुला कोणी विचारलं तरी का?” मामाची मान खाली गेली. दस्तलेखक हसला, “पोरगी तिखट हाय बाई तुमची.” आणि तू माझ्याकडे वळलीस. तुझा तो आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता आणि नंतरही नाही. “चूप बस. तुले इंग्रजी शिकवलं ते माह्या भावासमोर माही इज्जत काढाले नाही.”

आमच्याशी तू नेहमी यवतमाळच्या घरातलं नीट मराठी बोलायचीस. त्या दिवशी दारव्ह्यात, त्या लिंबाखाली, तुझी जीभ माहेरी गेली होती. मी गप्प बसले. दस्तलेखक नाव लिहायला लागला, सासरचंच, आणि तू मध्येच हात आडवा केलास. “दोन्ही नावं लिहा.” तो म्हणाला, बाई, सासरचं पुरते. तू म्हणालीस, “पुरत नाही. सोडून राह्यली ते कोन हाय, ते दिसलं पाह्यजे.” त्याने सुस्कारा टाकून खोडलं, नव्याने लिहिलं: अमुक, लग्नानंतरचं नाव तमुक, अमक्याची मुलगी, तमक्याची बायको. तू दोन्ही नावांनी सही केलीस. माहेरच्या नावाची सही इतकी गोल आणि हळू, शाळेतल्या मुलीसारखी. मग मामाने पिशवी पुढे केली. साडी आमसुली होती. तू ती परतीच्या एसटीत मांडीवर धरून बसलीस आणि यवतमाळ येईपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस. मला वाटत होतं, एका साडीवर विकली गेली माझी आई, आणि वर मलाच गप्प केलं. मी तेव्हाच ठरवलं, माझ्या लग्नात ताट आलं तर मी नाव बदलू देणार नाही. नाही बदलू दिलं. ‘यांनी’ हसत माझंच नाव तांदळात लिहिलं, सासूबाईंनी तोंड फिरवलं, आणि तू पुढे होऊन ते ताट उचललंस आणि मांडवातून असं चालत नेलंस, की अक्षर मोडू नये.

तर त्या दस्ताची नक्कल हवी होती. दारव्ह्याच्या हापिसात खिडकीवरच्या बाबूने मान वर न करता सांगितलं, “एवढं जुनं इथं नाही. यवतमाळले भेटन.” मी म्हटलं, मी यवतमाळहूनच आले आहे. “मंग तं सोपंच हाय,” तो म्हणाला. यवतमाळच्या हापिसात सांगितलं, दस्तांची सूची दारव्ह्यालाच असेल, तिथून पान शोधून आणा. पुन्हा जीपमध्ये चौघींच्या बाकावर पाचवी होऊन दारव्ह्याला. त्या दिवशी मी त्या बाबूला शांतपणे म्हणाले, “टेलिफोन एक्स्चेंजमध्ये असताना तुमच्यासारखी एखादी लाइन मिळाली तर आम्ही ती खराब आहे म्हणून तक्रार लिहायचो.” त्याला किती कळलं माहीत नाही, पण त्याने मान वर केली आणि उठून सूची काढून दिली. नक्कल हातात आली तेव्हा मी यवतमाळच्या हापिसाच्या पायरीवरच बसून वाचली. शिक्का, तिकीट, आणि त्यात कोपऱ्यात तुझी ती गोल सही, आधी एक नाव, मग दुसरं. जगातल्या सगळ्या कागदांमध्ये एवढ्या एकाच ठिकाणी तू आहेस, अख्खी. आणि तिथे तू कशासाठी आलीस? सगळं सोडून द्यायला.

वकील खूश झाला. मी मात्र अस्वस्थ होते. विचारलं, यात लिहिलंय तिने हक्क सोडला, मग आता याच कागदाने आम्ही हक्क कसा मागायचा? तो म्हणाला, “तो बापाच्या इस्टेटीतला सोडला. भावाचा वारस होयाचं तिनं काई सोडलं नाही. अन् ते बहीन होती म्हनूनच सोडू शकली ना? जे आपलं नाही ते कोनी सोडते का?” हे वाक्य मी जीपमध्ये घरापर्यंत तोंडात घोळवत आले.

जाहीर सूचना पेपरात आली, ‘ज्या कोणास हरकत असेल त्याने’ वगैरे. कोणाचीच आली नाही. साक्षीच्या दिवशी सकाळपासून कोर्टाच्या व्हरांड्यात बसले. शेजारी बांधाच्या भांडणातले दोघे भाऊ एकाच डब्यातली भाकरी खात होते आणि आत गेल्यावर एकमेकांना शिव्या देणार होते. माझा पुकारा झाला. जज मुलगीच होती, माझ्या पुतणीएवढी. आईचं नाव विचारलं. मी दोन्ही सांगितली. आधी माहेरचं. चारचौघांत, असं मोठ्याने, ते नाव मी आयुष्यात कधी उच्चारलं नव्हतं. मुलांनी आईचं नाव घ्यायचं नसतं असं तूच शिकवलं होतंस, आणि ती हाक तर मामाचीच होती. जज म्हणाल्या, “या दोन नावांची व्यक्ती एकच होती?”

मी म्हटलं, “एकच होती. तिला तसं राहू दिलं नाही, तो भाग वेगळा.”

टाइप करणाऱ्याचे हात थांबले. जज माझ्याकडे पाहत होत्या, रागाने नव्हे. “बाई, हो किंवा नाही एवढंच सांगा.”

“हो.”

तेवढंच नोंदवलं गेलं. पुढच्या एका तारखेला प्रमाणपत्र मिळालं. त्यात लिहिलं आहे की मयताची बहीण, म्हणजे अमुक ऊर्फ तमुक, हिची आम्ही दोन मुलं हेच वारस. कोर्टाच्या गोल शिक्क्याखाली तू पहिल्यांदा मामाची बहीण झालीस. मी ते घेऊन सरळ मामाच्या घरी गेले, कुलूप काढलं आणि मागच्या ओट्यावर बसले. दोन खोल्या, एक पत्र्याचं न्हाणीघर, आवारात एक सीताफळाचं झाड. मोठं काही नाही. मला त्याचं दुकान करायचं नाही की भाडं खायचं नाही. मला एवढंच वाटलं, की नगरपालिकेच्या उताऱ्यावर या घरापुढे माझं नाव लागावं. तुझ्या माहेरच्या घरावर तुझ्या मुलीचं. अधूनमधून येऊन सीताफळं उतरवावीत, समोरच्या आजीबाईंना द्यावीत, तू चिडकी होतीस हे पुन्हा ऐकावं.

ते सगळे कागद मी धाकट्याला मोबाइलवर पाठवले. अभिमानाने पाठवले, हक्कसोडाची नक्कलही. त्याचा लगेच फोन आला. “ताई, कमाल केलीस तू. खरंच. दुसऱ्या कोणाला जमलं नसतं.” मी खूश. मग तो म्हणाला, “आता पुढचं एकदाच करून टाकू. उताऱ्यावर दोघांची नावं लावत बसण्यापेक्षा तू मला हक्कसोड करून दे, म्हणजे घर काढून टाकता येईल. गिऱ्हाईक बघून ठेवलंय. तुला काय करायचंय त्या दोन खोल्यांचं?” मी काही बोलले नाही. त्याला वाटलं लाइन गेली. “हॅलो, ताई? अगं, आपल्यात पद्धतच आहे. आईनेसुद्धा मामाला लिहून दिलंच होतं की. तूच तर ती नक्कल काढलीस.” आणि मग, अगदी प्रेमाने, “तुला छानशी पैठणी घेतो. रंग सांग.”

तो वाईट नाही, आई. तो तुझा लाडका होता आणि माझाही आहे. तापात फणफणलेल्या त्याला मी कडेवर घेऊन फिरले आहे. म्हणूनच जास्त चीड येते. परका असता तर कोर्टातच दोन शब्द ऐकवून मोकळी झाले असते. मी जीप-जीप करून, बाबूंशी भांडून, तू कोण होतीस ते सिद्ध केलं आणि त्यातून त्याला तेवढंच दिसलं, की तू सोडून दिलं होतंस. तुझा ‘दोन्ही नावं लिहा’ म्हणणारा हात त्या कागदात दिसत नाही. तो मी पाहिलेला आहे, त्याने नाही.

आता इतक्या वर्षांनी मला तुझ्या त्या रागाचंही कोडं पडलं आहे. तेव्हा वाटलं होतं तू भावाची बाजू घेतलीस. आज वाटतं, तुला त्या फाटकाशी येणारी हाक हवी होती. हिस्सा मागितला असता तर मामा भाऊबीजेला आला असताही, पण तशी हाक मारली असती का? त्या नावाने बोलावणारं जगात एकच माणूस उरलं होतं आणि तू घर देऊन तेवढं राखून ठेवलंस. सौदा वाईट होता असं मी अजूनही म्हणेन. पण तो तुला कळत नव्हता असं आता म्हणणार नाही.

माझ्याकडे मात्र अशी राखायला हाक नाही. मला सगळेच माझ्या नावाने बोलावतात, तू ते ताट मोडू दिलं नाहीस म्हणून. त्यामुळे मी ठरवलं आहे. मी सही करणार नाही. घर राहील, दोघांचं राहील. त्याला त्याचा अर्धा विकायचा असेल तर मला विचारावं लागेल. उद्या त्याला असंच सांगायचं, राग न करता, एकेक शब्द. दुपारभर मी ते वाक्य म्हणून पाहते आहे.

हे पत्र कुठे टाकणार नाही, ते कळतंच आहे. पाकीट घेतलं तरी त्यावर तुझं कोणतं नाव लिहू, म्हणून वरती नुसतं ‘आई’ लिहिलं. ते पेटीत तुझ्या दाखल्याखाली ठेवेन. आणि एक सांगायचं राहिलं. स्वयंपाकघरात मी हरभऱ्याची डाळ भिजत घातली आहे. धाकट्याला गोळाभात आवडतो, डाळीचे गोळे भातात कुस्करून वरून कढत तेल घातलेला, तुझ्या पद्धतीचा. बाबूला, वकिलाला, जजला तोंडावर बोलले, पण भावाला ‘नाही’ म्हणायचं ते तो पोटभर जेवल्यावर म्हणायचं, असं मी सकाळीच ठरवून टाकलंय. आणि पहिला घास घेऊन तो म्हणाला, ‘ताई, अगदी आईसारखा झालाय,’ तर मग मी काय करेन, ते मला अजून माहीत नाही.